कौशल्यांचा तक्ता भरायचा आहे, पण 'खटकणे' कोणत्या रकान्यात लिहू?

जमाखर्च

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आज अडलंय म्हणून लिहितोय.

मी हिशेब विभागात आहे, हाताखाली सहा जण. गेल्या आठवड्यात वरून एक तक्ता आला. प्रत्येकाच्या नावापुढे चाळीस कौशल्यं आणि प्रत्येकाला एक ते पाच गुण द्यायचे. विश्लेषण, लवचीकता, डिजिटल साक्षरता, जिज्ञासा वगैरे. एकाच्या जिज्ञासेला साडेतीन देऊ का विचारलं, तर उत्तर आलं की दशांश चालत नाहीत.

यापुढे हुद्दा बघून नाही, तर कौशल्य बघून काम वाटायचं म्हणे. कल्पना वाईट नाही. माझी अडचण वेगळी आहे, ती एका प्रसंगातून सांगतो.

बँकेचा ताळमेळ हे आमच्याकडे नव्या माणसाचं काम असायचं. एका हाताला बँकेचं विवरण, दुसऱ्या हाताला आपली वही, आणि एकेका नोंदीवर टिक. प्रचंड कंटाळवाणं. दोन वर्षांपूर्वी सॉफ्टवेअर आलं. आता नव्वदभर नोंदी तेच जुळवतं, उरलेल्या दहाबारा माणसाकडे येतात. सगळे खूश, मीसुद्धा.

मागच्या महिन्यात दोन पुरवठादारांना नेमक्या सारख्याच रकमेचे चेक गेले. बँकेत एकच वटला होता. सॉफ्टवेअरने तो दुसऱ्याच्या नावावर जुळवून टाकला. शिल्लक बरोबर, फरक शून्य, सगळं हिरवं. नव्या दोघांनी पाहिलं, पुढे गेले. पंधरा वर्षं आमच्याकडे असलेल्या बाई चहाचा कप हातात घेऊन मागून जाता जाता म्हणाल्या, "हा माणूस चेक इतक्या लवकर बँकेत टाकत नाही कधी." तपासलं, तर खरंच उलटं निघालं. कसं कळलं विचारलं तर म्हणाल्या, "कळलं कसलं, खटकलं."

आता प्रश्न दोन. हे खटकणं चाळिसांपैकी कोणत्या रकान्यात लिहू? आणि दुसरा, ज्याने मला झोप लागत नाही तो: त्यांना खटकतं कारण त्यांनी हजारो नोंदी हाताने जुळवल्यात. नव्या दोघांनी एकही नाही जुळवलेली. यांना कधी खटकायला लागणार?

---

अवांतर

चर्चा ऐकायला सतरंजी अंथरली आहे. जिज्ञासा: ३.५

---

माणूसबळ

असे तक्ते मी बनवते, त्यामुळे पहिला दगड माझ्यावर येणार हे धरूनच लिहिते.

आधी बाजू मांडू द्या. हुद्दा आणि पदवी यांच्यावरचा भरवसा कमी करायलाच हवा होता. २०१७ साली हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या लोकांनी अमेरिकेतल्या नोकरीच्या जाहिराती तपासल्या होत्या. उत्पादन पर्यवेक्षकाच्या ६७ टक्के जाहिरातींत पदवी मागितलेली. आणि त्या क्षणी तेच काम प्रत्यक्ष करत असलेल्यांपैकी पदवीधर किती? १६ टक्के. म्हणजे ज्यांनी कारखाने चालते ठेवले होते त्यांच्यापैकी बहुतेकांचा अर्ज आज चाळणीतच गळला असता. काम येतंय का ते बघा, कागद नंतर बघू, हे म्हणणं या अन्यायातून आलंय. ते फॅड नाही.

आता कबुलीजबाब. त्याच संस्थेने बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट या नोकऱ्यांच्या बाजाराचा अभ्यास करणाऱ्या संस्थेबरोबर २०२४ मध्ये पुन्हा पाहिलं. पदवीची अट काढली म्हणून गाजावाजा खूप झाला होता. प्रत्यक्षात त्याचा फायदा झालेली नेमणूक ७०० मध्ये एकसुद्धा नव्हती. मला आश्चर्य वाटलं नाही. संध्याकाळचे सहा वाजलेत, समोर दोन अर्ज आहेत, आणि निवड करणाऱ्याला घरी जायचंय. पदवी एका नजरेत दिसते. कौशल्य बघायला अर्धा दिवस बसावं लागतं. तो अर्धा दिवस कुणीच देत नाही, आणि त्याऐवजी आम्ही तक्ता देतो.

तुमच्या तक्त्याबद्दल: एक ते पाच सोडून द्या. त्यात सगळ्यांना चार मिळतात, नावडत्याला तीन. त्याऐवजी प्रत्येक कामापुढे एवढंच लिहा: एकटा करतो, कुणीतरी पाहावं लागतं, की दुसऱ्याला शिकवू शकतो. आणि त्या बाईंचं 'खटकणं' हे कौशल्य म्हणून लिहूच नका, काम म्हणून लिहा. 'जुळलेल्या नोंदींतून चुकीची जुळणी शोधणे'. मग ते मोजताही येतं आणि त्यांच्या पगाराच्या वेळी मांडताही येतं.

---

शंकेखोर

दर दहा वर्षांनी हीच हाकाटी. २०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या दोघांनी सांगितलं अमेरिकेतल्या ४७ टक्के नोकऱ्या यंत्रांमुळे धोक्यात. सगळ्यांची पाचावर धारण बसली. २०१६ मध्ये ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेसाठी दुसऱ्यांनी तोच प्रश्न नोकरीऐवजी त्यातल्या एकेका कामाच्या पातळीवर तपासला, तर आकडा आला ९. कुठे ४७, कुठे ९! तेवढ्या अवधीत मात्र अभ्यासक्रम विकणाऱ्यांची चांदी झाली.

मला यातली मेख वेगळीच दिसते. पूर्वी माणूस कामावर घेऊन शिकवायचे. आता म्हणतात तुमचं कौशल्य जुनं झालं, स्वतःच्या वेळात, स्वतःच्या पैशाने नवं करून या. नोकरी गेली तर यंत्राचाही दोष नाही, मालकाचाही नाही, तुम्ही 'अपस्किल' झाला नाहीत. कौशल्याचं महत्त्व वाढतंय म्हणतात तेव्हा मी आधी खिसा चाचपतो.

---

लेथवाला

हिशेबातलं मला कळत नाही पण जमाखर्च यांचं दुखणं शंभर टक्के कळलं.

आमच्याकडे सीएनसी आहेत, म्हणजे संगणकावर चालणारी कटिंग मशीनं. पोरं येतात, हुशार असतात, स्क्रीन माझ्यापेक्षा वेगाने चालवतात. जॉब लावतात, सायकल स्टार्ट दाबतात. पहिला पीस मोठा निघाला की लगेच ऑफसेट, म्हणजे मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती, बदलतात. पुढचा पीस बरोबर येतो, तिसऱ्याचं माप परत जातं. परत ऑफसेट. दुपारपर्यंत पेटीभर माल रिजेक्ट. माप का बदललं हे विचारायचं असतं हेच माहीत नसतं. टूल झिजलं असेल, जॉब पकडणाऱ्या चकच्या जबड्यात चिप, म्हणजे धातूचा कीस, अडकली असेल, कूलंट नीट पडत नसेल, जॉब तापून फुगला असेल. ऑफसेट बदलणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखं आहे.

मला कसं कळतं? आवाज. चांगलं कटिंग चाललं असलं की एक सारखी घरघर असते. टूलची धार गेली की आधी आवाज बदलतो, मग चिपचा रंग बदलतो, मग फिनिश जातं आणि सगळ्यात शेवटी माप. स्क्रीनवर दिसतं ते शेवटचं. हे मला कुणी शिकवलं नाही. सुरुवातीची तीन वर्षं साध्या लेथवर हँडल फिरवलं, हाताला कंप लागला, कानाला सवय लागली.

म्हणून मी काय करतो, नव्या पोराला पहिला महिना साध्या लेथवर उभा करतो. शॉपमध्ये एकच उरलंय, ते पण मी भांडून ठेवलंय. वरचे म्हणतात या महिन्याचं उत्पादन शून्य. मी म्हणतो रिजेक्शनचा आकडा सोबत घेऊन या, मग बोलू. अजून कुणी घेऊन आलं नाही.

शंकेखोरभाऊ, कोर्स विकणाऱ्यांबद्दल सहमत. पण कोर्स आणि हात बसणं या दोन गोष्टी आहेत. तुम्ही दोन्ही एकाच पिशवीत घालताय.

---

अवांतर

ताप आला म्हणून थर्मामीटर बदलणे... हे आमच्या साहेबांच्या खोलीबाहेर लावतो.

---

आकडेमोड

शंकेखोर, ४७ आणि ९ बद्दल थोडं. ४७ हा 'इतक्या नोकऱ्या जाणार' असा अंदाज नव्हताच. तंत्राच्या दृष्टीने इतक्या नोकऱ्यांचं काम यंत्राला जमू शकेल, एवढंच ते म्हणणं होतं. ते यंत्र परवडेल का आणि कोणी बसवेल का, हे त्यात धरलेलं नाही. बातमीत तेवढाच भाग गळला.

या विषयाकडे बघण्याची खरी चांगली चौकट २००३ सालची आहे. ऑटर, लेव्ही आणि मुर्नेन या तिघांचा निबंध. ते म्हणाले, नोकरी हे एकक धरू नका, नोकरीतली कामं बघा. पायऱ्या लिहून देता येतील असं ठरावीक काम संगणक घेतो, मग ते कारखान्यातलं असो की कचेरीतलं. उरतं ते न ठरलेलं: अडचण सोडवणं, माणसांशी बोलणं, परिस्थिती बघून करायचं हातकाम.

एटीएमचं उदाहरण यासाठी मला आवडतं. अमेरिकेच्या शहरी भागात १९८८ ते २००४ या काळात बँकेच्या एका शाखेतले रोखपाल साधारण २० वरून १३ वर आले. पण शाखा चालवणं स्वस्त झाल्यामुळे शाखाच ४३ टक्क्यांनी वाढल्या. रोखपाल नाहीसे झाले नाहीत, त्यांचं काम मात्र बदललं. नोटा मोजणारा माणूस ग्राहकाशी बोलणारा झाला. ज्याला फक्त नोटा मोजता येत होत्या त्याचं काय झालं, हे या आकड्यात नाही. बेरजेत माणूस दिसत नाही.

जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या अहवालाचं पण बहुतेक तेच. २०३० पर्यंत १७ कोटी नवी कामं, ९ कोटी २० लाख जाणार, आणि कामगाराच्या मुख्य कौशल्यांपैकी ३९ टक्के बदलणार. हा हजारावर मालकांना विचारून काढलेला अंदाज आहे. आधीच्या, २०२३ च्या फेरीत ३९ च्या जागी ४४ होता. म्हणजे भीती थोडी ओसरली आहे, किंवा प्रशिक्षण वाढलं आहे. अहवाल दुसऱ्या कारणाकडे झुकतो.

आता जमाखर्च यांच्या प्रश्नाला थेट लागणारं. भाषेची ही नवी यंत्रं, म्हणजे चॅटजीपीटीसारखी एआय, आल्यावर २००३ ची ती रेघ पुसट झाली, कारण पायऱ्या न लिहून देताही यंत्र उदाहरणांवरून शिकायला लागलं. ग्राहकसेवेतल्या पाच हजारांवर कर्मचाऱ्यांना असा मदतनीस दिल्यावर काय झालं, याचा अभ्यास २०२३ मध्ये आला. सरासरी काम १४ टक्क्यांनी वाढलं. नवख्यांचं ३४ टक्क्यांनी. मुरलेल्यांचं जवळजवळ नाहीच. कारण यंत्र शिकलं होतं ते मुरलेल्यांच्याच संभाषणांवरून! म्हणजे त्या बाईंचं डोकं काढून नव्यांच्या कानात सांगितल्यासारखं. बाईंना त्याबद्दल काय मिळालं, हा प्रश्न त्यांच्या पगाराच्या चर्चेत कुणी काढत नाही.

पण दुसरी बाजूही त्याच वर्षीची. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या ७५८ सल्लागारांवर प्रयोग झाला. यंत्राच्या आवाक्यातली कामं त्यांनी यंत्राच्या मदतीने वेगाने आणि जास्त चांगली केली. मग मुद्दाम आवाक्याबाहेरचं एक काम दिलं. तिथे यंत्र वापरणाऱ्यांचं उत्तर बरोबर येण्याचं प्रमाण न वापरणाऱ्यांपेक्षा १९ टक्के-बिंदूंनी कमी. चुकीचं उत्तरही तितक्याच ऐटीत आलेलं असतं ना. हीच ती तुमची हिरवी जुळणी.

---

नवी_पाटी

सगळ्यांचं वाचलं. राग मानू नका पण थोडं चिडून लिहितेय.

तुम्ही सगळे ज्या कंटाळवाण्या कामातून शिकलात, ते काम मला द्यायला कुणी तयार नाही. शिकाऊ जागेच्या जाहिरातीत दोन वर्षांचा अनुभव मागतात. माझ्याकडे तीन ऑनलाइन अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रं आहेत, मुलाखतीत ती कुणी उघडूनसुद्धा पाहिली नाहीत. आणि मग चर्चा होते की नव्यांना खटकत नाही. खटकायला आधी आत तर घ्या.

---

माणूसबळ

नवी_पाटी, राग कसला, बरोबर बोललीस.

एक सुचवते. प्रमाणपत्राऐवजी केलेलं काम घेऊन जा, आणि त्यात तुझी झालेली एक चूक ठेव. कशी सापडली आणि काय बदललं ते सांग. मी मुलाखती घेते तेव्हा याच एका प्रश्नावर माणूस कळतो. अभ्यासक्रमातून पाठ केलेल्याला स्वतःची चूक सांगताच येत नाही, कारण तिथे उत्तर आधीच बरोबर असतं. हमी देत नाही. चाळणीच्या पलीकडे पोचलीस तरच याचा उपयोग, हेही खरं.

---

पिकलं_पान

निवृत्त आहे. मोठ्या प्रकल्पाच्या कंट्रोल रूममध्ये ३१ वर्षं काढली. हा विषय तुम्हाला नवा वाटतोय, आमच्यासाठी जुना आहे.

१९८३ मध्ये लिझान बेनब्रिज या बाईंनी एक छोटा निबंध लिहिला होता, स्वयंचलनातल्या विसंगतींवर. आम्हाला प्रशिक्षणात वाचायला दिला होता. सार असं: यंत्र सोपं काम घेतं आणि माणसासाठी कठीण तेवढं ठेवतं. शिवाय माणसाला सांगतं, तू नुसतं लक्ष ठेव. रोज हात न लावल्यामुळे माणसाची सफाई जाते. आणि यंत्र हात वर करतं ते नेमकं सगळ्यात वाईट क्षणी. म्हणजे जितकं स्वयंचलन जास्त, तितका माणूस अधिक कसलेला लागतो, आणि तितकी त्याला कसायची संधी कमी.

एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान आठवा. १ जून २००९, अटलांटिकवर रात्र. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचला, वेगाचे आकडे विसंगत झाले, ऑटोपायलट सुटला. ती अडचण मिनिटभराचीसुद्धा नव्हती. पण हाती आलेलं विमान वैमानिकाने वर उचलत नेलं, ते स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचलच गेली, आणि साडेचार मिनिटांच्या आत समुद्रात. २२८ माणसं गेली. तितक्या उंचीवर, वेगाचा भरवसा नसताना, हाताने विमान सांभाळण्याचा सराव त्या वैमानिकांना दिलेलाच नव्हता, हे चौकशीत नोंदलं गेलं. पुढे तो सराव सक्तीने घ्या असं सुचवलं गेलं.

आमच्याकडे वर्षातून ठरावीक दिवस सिम्युलेटरवर सगळं बंद पडलंय असं धरून चालवायला लावायचे. आम्ही कुरकुरायचो. मी तर एकदा पाठ दुखतेय म्हणून टाळलंही होतं. एकतीस वर्षांत खरी वेळ दोनदाच आली.

---

रात्रपाळी

वॉर्डातून भराभर लिहितेय. पोलंडमध्ये मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करणाऱ्या अनुभवी डॉक्टरांना गाठी दाखवून देणारं एआय दिलं होतं. २०२५ मध्ये त्याचा अभ्यास आला. एआय आल्यानंतर त्यांनीच एआयशिवाय केलेल्या तपासण्या पाहिल्या, तर गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आलेलं. काही महिन्यांत. एका अभ्यासावरून निकाल लावू नये हे मान्य, पण हे नवखे नव्हते. मुरलेल्यांचंही जातं.

म्हणून मी मॉनिटर असला तरी नाडी हाताने बघते. नाडीपेक्षा, हाताला घाम आहे का ते कळतं. जाते, घंटा वाजली.

---

शंकेखोर

लेथवाला, पिशवी वेगळी केली. मान्य.

पण मग पैशाचा प्रश्न आणखी टोकदार होतो. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ मध्येच मांडलंय: जे कौशल्य कुठेही चालतं त्याचा खर्च मालक करणार नाही, कारण शिकलेला माणूस शेजारी जाईल. जे फक्त याच जागी चालतं त्यावर तो खर्च करेल. त्या बाईंचं खटकणं यातलं कोणतं? अर्धं याच पुरवठादारांबद्दलचं, अर्धं कुठेही चालणारं.

सिंगापूरने २०१५ मध्ये जाहीर करून पंचविशी गाठलेल्या प्रत्येक नागरिकाला शिकायला ५०० सिंगापूर डॉलरचं खातं दिलं. फ्रान्समध्येही नोकरदाराच्या नावावर दरवर्षी रक्कम जमा होते आणि नोकरी बदलली तरी ती त्याच्याबरोबर जाते. चांगलंच आहे. पण त्यातून अभ्यासक्रम विकत घेता येतो. महिनाभर साध्या लेथवर उभं राहायची मुभा विकत घेता येत नाही. ती फक्त मालकाच्या वेळातूनच येते.

---

जमाखर्च

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी परत येतोय कारण मधे काहीतरी करून पाहिलं.

तक्ता भरला. चाळीस रकान्यांत निमूटपणे आकडे टाकले आणि खाली माणूसबळ यांच्या पद्धतीने कामांची वेगळी यादी जोडली. बाईंच्या नावापुढे 'चुकीची जुळणी शोधणे, दुसऱ्याला शिकवू शकतात' असं लिहिलं. त्यांना दाखवलं तर म्हणाल्या, "शिकवू शकते हे तुम्हीच ठरवलंत?" बरोबर होतं त्यांचं. विचारलंच नव्हतं.

दुसरं, दर शुक्रवारी दोन तास मागून घेतले. एका खात्याचा ताळमेळ नव्या दोघांनी आधी हाताने करायचा, मग सॉफ्टवेअरचा उघडायचा आणि फरक पडेल तिथे कोण बरोबर ते सिद्ध करायचं. शिवाय मी त्यात मुद्दाम एक चुकीची जुळणी पेरतो. साहेबांनी तीन महिन्यांची मुदत दिली आहे.

पहिला शुक्रवार फसला. दोन तासांत निम्म्या नोंदीसुद्धा झाल्या नाहीत, पेरलेली चूक तशीच राहिली. त्यातल्या एकाने सरळ विचारलं, "सर, यंत्राला येतंय तर आम्ही का?" मी पिकलं_पान यांचं विमान सांगितलं. तो म्हणाला, "पण इथे कुणी मरत नाही ना." मला पटकन उत्तर सुचलं नाही.

---

लेथवाला

उत्तर देऊ नका. पहिल्या महिन्यात माझ्याकडची पोरं पण हेच विचारतात. पेरलेली चूक थोडी सोपी करा आणि सापडली की त्याला त्या पुरवठादाराला स्वतः फोन करायला लावा.

---

नवी_पाटी

जमाखर्च काका, तुमच्याकडे तिसरी जागा आहे का? शुक्रवारपुरती चालेल.